सहलीला सगळे जाणार. विसावा कोणाला मिळणार?

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्या ४१ वर्षांच्या असून बँकेत नोकरी करतात. घरात पती, बारा वर्षांचा मुलगा, सहा वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे आहेत. सासरे ७४ वर्षांचे असून त्यांचे गुडघे दुखतात. सासूबाई सत्तरीच्या, शाकाहारी आणि एकादशी-चतुर्थी पाळणाऱ्या आहेत. काही वर्षे पैसे साठवून या कुटुंबाने मेच्या अखेरीस ग्रीसला जायचे ठरवले आहे. पतींनी दहा रात्रींचा आराखडाही केला आहे : अथेन्सला दोन, मग बेटांपैकी मिकोनोसला दोन, सँटोरिनीला तीन आणि क्रीटला तीन. सगळीकडे स्वयंपाकघर असलेली घरे घ्यावीत, म्हणजे पोळी-भाजी करता येईल, असे सासूबाईंनी सुचवले आहे. त्या भगिनी लिहितात : "मला एकाच बेटावर, समुद्राजवळ, काही न करता आठ दिवस राहावेसे वाटते. पण एवढा खर्च करून नुसते बसायचे म्हणजे पैसे वाया, असे घरात म्हणतील. हे मी अजून कोणाजवळ बोललेले नाही. असे वाटणे स्वार्थीपणाचे आहे का? आणि वडीलधाऱ्यांना व मुलांना घेऊन निवांत सहल खरोखर होऊ शकते का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे आधी देते. विश्रांतीची इच्छा होणे स्वार्थीपणाचे नाही. आणि तीन पिढ्यांची निवांत सहल नक्की होऊ शकते. भूमध्य समुद्रातली काही बेटे तर तिच्यासाठी फारच सोयीची आहेत. तरीही हे पत्र मी बाजूला ठेवू शकले नाही, कारण तुम्ही न विचारलेला एक तिसरा प्रश्न त्यात मला सतत दिसत राहिला. पतींच्या आराखड्यात कोठे काय पाहायचे ते आहे, सासूबाईंच्या सूचनेत काय खायचे ते आहे, तुमच्या इच्छेत कोठे बसायचे ते आहे. पण सकाळी सहा जणांचा चहा कोण करणार, मुलीचे ओले कपडे कोण वाळत घालणार, सासऱ्यांच्या गोळ्यांची वेळ कोण लक्षात ठेवणार आणि बोटीला उशीर झाला तर पुढच्या घरमालकाला फोन कोण करणार, याबद्दल तिघांपैकी कोणीच काही म्हटलेले नाही. ही कामे वाटून घेतलेली नसतील, तर एका बेटावर आठ दिवस राहूनही तुम्ही दमूनच परत याल. ती नीट वाटली गेली, तर थोडी फिरतीची सहलसुद्धा तुम्हाला जड जाणार नाही.

म्हणूनच 'पाहणे की बसणे' असा जो झगडा तुम्ही मनात मांडला आहे, तो मला पुरता खरा वाटत नाही. पती तुमच्या विश्रांतीच्या आड येत आहेत, असे समजण्यासारखे पत्रात काही नाही, कारण तुम्हाला विश्रांती हवी आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. त्यांच्या आराखड्यामागे काय असेल याचाही विचार करावा. आईवडिलांना घेऊन परदेशी जाण्याची संधी पुन्हा येईल की नाही, वडिलांचे गुडघे आणखी दोन वर्षांनी साथ देतील की नाही, ही धास्ती अशा भरगच्च आराखड्यांमागे अनेकदा असते. वरून ते 'पैसे वसूल' करण्याचे गणित दिसते. आत बहुधा आईवडिलांविषयीची माया असते. ती ओळखून बोलणे सुरू केलेत, तर आराखडा बदलणे त्यांनाही कमीपणाचे वाटणार नाही.

आता तो आराखडा घड्याळ लावून पाहू. ग्रीसमधल्या बहुतेक मुक्कामांच्या जागा सकाळी अकराच्या सुमारास सोडाव्या लागतात आणि नव्या जागेचा ताबा दुपारी तीनच्या सुमारास मिळतो. म्हणजे मुक्काम बदलण्याचा प्रत्येक दिवस सामान बांधणे, बंदरावर पोहोचणे, उन्हात बोटीची वाट पाहणे, चढणे, उतरणे आणि पुन्हा गाडी शोधणे यात जातो. तुमच्या आराखड्यात अथेन्स ते मिकोनोस, मिकोनोस ते सँटोरिनी, सँटोरिनी ते क्रीट आणि क्रीटहून परत अथेन्स असे चार बदल आहेत. मिकोनोसच्या दोन रात्रींतून पूर्ण दिवस एकच मिळतो. शिवाय या समुद्रात उत्तरेचा वारा जोराचा असतो. त्याचा खरा भर जुलै-ऑगस्टमध्ये असला, तरी एरवीही वारा ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदर अधिकारी बोटी रोखून धरतात. बोट सुटली नाही की पुढचे सगळे आरक्षण कोलमडते आणि ते सावरण्याचे काम, पत्रावरून मला वाटते तसे, तुमच्याकडेच येईल.

सासऱ्यांच्या गुडघ्यांचा विचार केला, तर सँटोरिनी ही या बेटांमधली सर्वांत अवघड निवड आहे. ज्या पांढऱ्या घरांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत, ती ज्वालामुखीच्या मुखाच्या कडेवर, उभ्या उतारावर बांधलेली आहेत. तिथे एका घराच्या गच्चीवरून दुसऱ्या घराच्या दारात जायचे तर पायऱ्या, जेवायला जायचे तर पायऱ्या आणि सूर्यास्त पाहायला जायचे तर गर्दीतून पायऱ्या. क्रूझची मोठी जहाजे आलेली असतील त्या दिवशी तिथल्या 'फिरा' आणि 'इया' या गावांच्या गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. सासरे बहुधा 'तुम्ही जाऊन या, मी बसतो इथेच' असे म्हणतील. मग त्यांच्याजवळ कोणीतरी थांबायला हवे, आणि ते कोण असेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

माझी सूचना अशी आहे. अथेन्स ठेवा, कारण तिथे बहुधा उतरावे लागणारच आहे आणि लांबच्या प्रवासानंतर दोन रात्री थांबणे सगळ्यांच्या हिताचे आहे. ॲक्रोपोलिस या प्राचीन मंदिरांच्या टेकडीवर चढू न शकणाऱ्यांसाठी लिफ्टची सोय आहे. त्याच्या पायथ्याचे संग्रहालय तर आतून पूर्णपणे लिफ्टने पाहता येते, तेव्हा सासऱ्यांना काही मुकावे लागणार नाही. तिकिटे ठरावीक वेळेची असतात. सकाळची पहिली वेळ घ्यावी. त्यानंतर उरलेल्या आठही रात्री क्रीटला, एकाच घरात राहा. अथेन्सहून विमानाने जेमतेम ५० मिनिटे लागतात. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून रात्रीची मोठी बोटही सुटते, तिच्यात झोपायच्या खोल्या असतात आणि सकाळी ती क्रीटला पोहोचते. मुलांना तीच आवडेल. मोठ्यांच्या दृष्टीने विमान बरे.

क्रीटचा मी आग्रह धरते, कारण ते लहानसे पर्यटनबेट नाही. ते सुमारे २६० किलोमीटर लांब आहे, त्याच्या पाठीशी २,४५६ मीटर उंचीचा प्सिलोरितिस पर्वत आहे, तिथे स्वतःची शेती, स्वतःची शहरे आणि बाराही महिने राहणारी माणसे आहेत. त्यामुळे एका जागी राहणाऱ्यालाही कोंडल्यासारखे होत नाही आणि फिरू पाहणाऱ्याला रोज नवे काही सापडते. एकाच घरात दोन्ही स्वभावांची माणसे असतील, तर अशी जागा निवडावी.

बेटावर कोठे राहायचे हे गाडी चालवणार की नाही यावर ठरवावे. गाडी चालवायची नसेल, तर उत्तर किनाऱ्यावरचे रेथिम्नो मला सर्वांत योग्य वाटते. जुने गाव, बंदर, बाजार आणि कित्येक किलोमीटर लांब वाळूचा किनारा एकमेकांना लागून आहेत. समुद्राकाठचा रस्ता सपाट आहे, बसायला जागोजागी बाक आहेत आणि इराक्लिओ-रेथिम्नो-हानिया या शहरांना जोडणाऱ्या मार्गावर सार्वजनिक बस वारंवार धावतात. जुन्या गावातल्या गल्ल्या दगडी आणि काही ठिकाणी पायऱ्यांच्या आहेत, म्हणून मुक्काम गल्लीच्या आत न घेता किनाऱ्याच्या बाजूला घ्यावा आणि लिफ्ट आहे का, हे आरक्षणाआधी लेखी विचारून घ्यावे. गाडी चालवणार असाल, तर हानियाच्या पूर्वेची कालिवेस आणि आल्मिरिदा ही लहान गावे पाहा. तिथे आडोशाचा, उथळ, वाळूचा समुद्र आहे आणि जेवणाच्या खानावळी अगदी पाण्याच्या कडेला आहेत. भाड्याची गाडी घेण्यासाठी आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ हवा. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि उत्तरेच्या हमरस्त्यावरचे स्थानिक चालक बरेच वेगाने जातात. पतींना उजव्या बाजूने चालवायची सवय नसेल, तर सहा माणसांची जबाबदारी घेऊन तिथे पहिला प्रयोग करू नये. दोन-तीन दिवसांपुरती चालकासह मोठी गाडी घेणे अधिक शहाणपणाचे, आणि त्यामुळे पतींनाही खिडकीबाहेर पाहता येईल.

समुद्राबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या मनात समुद्र म्हटले की कोकणचा समुद्र येतो. कोकणात भरतीला पाणी कितीतरी आत येते आणि ओहोटीला दूर जाते. तिथले अपघात बऱ्याचदा ही वेळ न कळल्यामुळे होतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो, त्यामुळे सकाळी पाण्याजवळ मांडलेली खुर्ची संध्याकाळीही जवळपास तितक्याच अंतरावर राहते. सासऱ्यांना पाय पाण्यात सोडून बसायचे असेल, तर ही फार मोठी सोय आहे. पण निर्धास्त होऊ नका. उत्तर किनाऱ्यावर वारा सुटला की लाटा आणि ओढ दोन्ही वाढतात. किनाऱ्यावर लाल निशाण असेल, तर मुलांना पाण्यात उतरू देऊ नये, आणि मुलगी पाण्यात असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने तिच्याजवळ पाण्यातच उभे राहावे; किनाऱ्यावरून लक्ष ठेवणे पुरेसे नसते. मेच्या अखेरीस तिथले पाणी सुमारे २१ अंशांचे असते. अरबी समुद्राच्या कोमट पाण्याची सवय असलेल्यांना ते पहिल्यांदा थंड लागेल, तेव्हा दुपारी ऊन चढल्यावर उतरावे. सासूबाई साडीत किंवा पंजाबी ड्रेसमध्ये किनाऱ्यावर बसल्या, तर कोणी वळूनही पाहणार नाही. कपड्यांचे दडपण त्यांनी किंवा तुम्ही मुळीच बाळगू नये.

सहलीचा काळ तुम्ही चांगला निवडला आहे. जुलै-ऑगस्टमध्ये उकाडा आणि गर्दी दोन्ही वाढतात, आणि १५ ऑगस्टच्या मारियामातेच्या सणाला तर सारा ग्रीस बेटांवर उतरलेला असतो. ज्या वाचकांना शाळांमुळे मे महिना जमत नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत जावेसे वाटते, त्यांनी मात्र सावध राहावे. किनाऱ्यावरची बरीच हॉटेले ऑक्टोबरच्या अखेरीस बंद होतात, आणि दिवाळी नोव्हेंबरात आली तर गावे ओस पडलेली असतात.

आता स्वयंपाकघराकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या सहलीचे भवितव्य तिथेच ठरणार आहे. स्वयंपाकघर असलेले घर जरूर घ्या. सासऱ्यांच्या गोळ्या रिकाम्या पोटी चालत नसतील, मुलीला अवेळी भूक लागत असेल, सासूबाईंचा उपवास असेल, तर हाताशी एक शेगडी आणि फ्रीज असणे गरजेचेच आहे. पण तिथे तीन वेळचा स्वयंपाक सुरू झाला, तर तुमचे नाशिकचे घरच तुम्ही बेटावर नेलेले असेल. 'मीच करीन पोळ्या' असे सासूबाई म्हणतात आणि ते मनापासून म्हणत असतील. तरी सत्तरीची बाई ओट्याजवळ उभी असताना सून समुद्राकडे पाहत बसणार नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. इथे तुमच्या एका समजुतीकडे लक्ष वेधावेसे वाटते. तुम्ही असे धरून चालला आहात की, सासूबाईंना बाहेरचे जेवण नकोच आहे. तसे असेलही. पण परदेशात आपल्याला खाता येईल असे काही मिळणारच नाही, ही भीती त्यांच्या सूचनेमागे असू शकते. सहा जणांच्या रोजच्या बाहेरच्या जेवणाने मुलाचा खर्च वाढेल, हा संकोचही असू शकतो. आणि चार दशकांहून अधिक काळ स्वयंपाकघर सांभाळलेल्या बाईला आठ दिवस आयते ताट मिळावे असे वाटतच नसेल, हे आपण कशावरून ठरवायचे? त्यांना एकदा निवांतपणे, एकटीने विचारा.

भीती अन्नाची असेल, तर ती दूर करता येईल, कारण शाकाहारी माणसाची क्रीटमध्ये जितकी चांगली सोय होते तितकी युरोपात फार थोड्या ठिकाणी होत असेल. ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षात अनेक दिवस उपास पाळतात. त्या दिवसांत मांस, मासे, अंडी आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य असतात, आणि अशा जेवणाला तिथे 'नीस्तीसिमो' म्हणतात. हा शब्द सासूबाईंना कागदावर लिहून द्या. खानावळीत तो उच्चारला की कोणते पदार्थ चालतील ते बहुतेक वेळा लगेच दाखवले जाते. सावधगिरी एवढीच की, त्यांच्या उपासाला कोळंबी, शिंपले आणि माकुळ चालतात. म्हणून 'होरीस क्रेआस' म्हणजे मांस नको आणि 'होरीस थालासिना' म्हणजे समुद्रातले काही नको, हेही सांगावे. ऑलिव्ह तेलात शिजवलेल्या भाज्यांचा एक मोठा वर्गच तिथे आहे. मोठ्या पांढऱ्या पावट्यांसारख्या दाण्यांची टोमॅटोतली उसळ, म्हणजे 'गिगांतेस', आपल्या माणसांना सहज रुचते. वांगी-बटाटे आणि दुधीसारखी झुकिनी घालून भट्टीत भाजलेले 'ब्रिआम', फरसबीची 'फासोलाकिया', भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, उकडून लिंबू-तेल घातलेल्या रानभाज्या, पिवळ्या डाळीचा घट्ट 'फावा' हे सगळे रोजचे जेवण आहे. भरलेल्या टोमॅटोत काही ठिकाणी खिमा असतो, तेवढे विचारून घ्यावे. जवाच्या कडक पावावर टोमॅटो आणि ताजे चीज घातलेला 'दाकोस' मुलांना आवडेल. एकादशीला घट्ट दही, मध, फळे, अक्रोड आणि उकडलेले बटाटे कोठेही मिळतात. साबुदाणा तेवढा घरून न्यावा. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून दूध व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे, म्हणून तुपाची बरणी, पेढे आणि पनीर सामानात घालू नये. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी यांवर भागवावे.

यातून जेवणाची व्यवस्था अशी बसवता येईल : न्याहारी घरी, दिवसाचे मुख्य जेवण दुपारी खानावळीत, रात्री घरी दही-भात किंवा मऊ खिचडीसारखे एकाच भांड्यातले काहीतरी. न्याहारीचे काम संपूर्णपणे पतींकडे द्यावे. पाव, दही, मध, फळे आणि चहा एवढे मांडायला स्वयंपाक यावा लागत नाही, आणि आपले बाबा सकाळी सर्वांना न्याहारी देतात हे मुलांनी पाहणे मला महत्त्वाचे वाटते. भांडी बारा वर्षांच्या मुलाने आणि आजोबांनी मिळून करावीत. आजोबांना काम सांगायचे हे तुम्हाला अवघड वाटेल, पण गुडघे दुखतात म्हणून सतत कडेला बसवलेल्या माणसाला बसल्या जागी ताटल्या पुसायला मिळाल्या, तर बरेच वाटते.

दिवसाची घडीही बेटाच्या रीतीप्रमाणे लावा. ग्रीसमध्ये उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच हा शांततेचा काळ धरला जातो. त्या वेळी मोठ्याने आवाज करणे शेजाऱ्यांना खपत नाही. आपल्या सासऱ्यांची वामकुक्षी तिथे सगळे गावच घेत असते. सकाळी आठ ते बारा बाहेर, मग जेवण, मग झोप आणि सहानंतर किनारा किंवा बंदर, असा क्रम ठेवला की वृद्ध आणि लहान मुले दोघेही थकत नाहीत. एका दिवशी एकच ठरवलेली गोष्ट करायची आणि तिच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठरवायचे नाही, एवढा नियम पतींनी मान्य केला, तर आठ दिवसांत चार चांगल्या गोष्टी पाहून होतील आणि चार दिवस मोकळे राहतील.

त्या चार गोष्टी कोणत्या, हे पतींना आणि मुलाला निवडू द्या. क्नोसोसचा प्राचीन राजवाडा अर्थातच एक. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ आर्थर इव्हान्स यांनी १९०० साली तिथे मोठे उत्खनन सुरू केले. आज दिसणारे लाल खांब आणि मजले यांतले बरेचसे त्यांनी नंतर काँक्रीटमध्ये उभारलेले आहेत, हे मुलाला आधी सांगितले, तर तो अधिक डोळसपणे पाहील. तिथे सावली फार कमी आहे; सकाळी उघडताच जावे किंवा सासू-सासऱ्यांना थेट इराक्लिओच्या पुरातत्त्व संग्रहालयात बसवावे. त्या संग्रहालयात १९०८ साली सापडलेली फायस्तोसची मातीची चकती आहे. तिच्यावरची चिन्हे आजवर कोणालाही वाचता आलेली नाहीत, आणि कोड्यांची आवड असलेल्या बारा वर्षांच्या मुलाला तिच्यासमोरून हलवणे अवघड जाते. दुसरे म्हणजे कुर्नासचे गोड्या पाण्याचे तळे. तिथे पायाने चालवायच्या होड्या आहेत आणि काठावर झाडांखाली जेवता येते. आर्गिरुपोलीचे झरे आजी-आजोबांसाठी उत्तम, कारण भर दुपारीही तिथे गारवा असतो. आणि रेथिम्नोच्या किनाऱ्यावर मेच्या अखेरीपासून लॉगरहेड जातीची कासवे अंडी घालायला येऊ लागतात. आर्केलोन ही संस्था त्यांच्या घरट्यांना संरक्षण देते, वाळूत खुणेचे सांगाडे उभारलेले दिसतात. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांसाठी गावकरी हेच करतात. तुमच्या मुलांनी वेळास पाहिले नसेल, तर परतल्यावर पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये तेही दाखवा. दोन किनाऱ्यांवरचे एकच काम मुलांच्या कायमचे लक्षात राहील.

समारियाची १६ किलोमीटरची दरी, बालोसचा किनारा आणि एलाफोनिसीची गुलाबी वाळू यांची नावे पतींना कोठेही वाचायला मिळतील. पहिली तुमच्या कुटुंबासाठी नाही. उरलेल्या दोहोंपैकी एखादे पाहण्याची त्यांना फार इच्छा असेल, तर त्यांनी मुलाला घेऊन जावे आणि बाकीच्यांनी घरी राहावे. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र गेलेच पाहिजे, ही आपल्या कुटुंबांतली समजूत प्रेमातून आलेली आहे, पण तिच्यामुळे सर्वांत हळू चालणाऱ्याला ओशाळे वाटते आणि सर्वांत वेगाने चालणाऱ्याला चिडचिड होते. सकाळी वेगळे होऊन संध्याकाळी एका टेबलावर भेटण्यात काहीही वावगे नाही. उलट तेव्हाच एकमेकांना सांगायला काहीतरी असते. सँटोरिनीची ओढ सुटत नसेल, तर हंगामात इराक्लिओहून सुमारे दोन तासांची जलद बोट असते. एका दिवसात जाऊन येता येते. तो दिवस फार लांबतो, तेव्हा तोही बाप-लेकांचाच असावा.

आणि तुमचे मोकळे तास? तेही आराखड्यात लिहा, नाहीतर ते कोणाच्या तरी गरजेखाली विरून जातील. मी तर म्हणेन की, रोज संध्याकाळचे दोन तास तुमचे एकटीचे असावेत आणि त्या वेळात मुलांची जबाबदारी पतींची असावी. त्याचप्रमाणे एक सकाळ सासूबाईंची असावी, त्यांना हवे तिथे जायला; आणि एखादी संध्याकाळ तुम्हा पती-पत्नींची असावी, आजी-आजोबा आणि मुले घरी असताना. मेच्या अखेरीस तिथे रात्री साडेआठपर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाईही होणार नाही.

हे पतींना सांगायचे कसे, याची तुम्हाला धास्ती वाटते आहे. 'तुमचा आराखडा चुकीचा आहे' अशी सुरुवात करू नका. 'मी दमले आहे आणि या सहलीत मला खरोखर आराम हवा आहे. तुम्हाला त्यातली कोणती जागा सोडवतच नाही ते सांगा, बाकीचे आपण मिळून कमी करू' एवढे म्हणा. त्यांच्या हातात काही राहते आणि तुमचे म्हणणेही स्पष्ट पोहोचते. सासऱ्यांना 'झेपेल ना?' असे विचारू नये, कारण त्याला ते नेहमी 'हो' म्हणतील. 'सलग किती पायऱ्या चढता येतात, किती वेळ उभे राहता येते' असे विचारावे. मुलांनाही एकेक गोष्ट निवडायला सांगा.

एक गोष्ट थोड्या काळजीने लिहिते. 'काही न करता बसावेसे वाटते' हे वाक्य वर्षभराच्या दमणुकीचे असेल, तर आठ दिवसांची सहल तिला पुरी पडणार नाही. झोप नीट लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर मेपर्यंत थांबू नका, डॉक्टरांशी बोला. आणि बेटावर न्याहारी पतींकडे देता येते, तर नाशिकलाही आठवड्यातले दोन दिवस देता येईल.

शेवटी तयारीचे. ग्रीसला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. पण उन्हाळ्याच्या तोंडावर भेटीच्या वेळा लवकर संपतात, म्हणून फेब्रुवारीतच हालचाल करावी. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा वर्षे पूर्ण झालेल्या पण बारा वर्षांखालील मुलांना ४५ युरो आहे. तुमच्या मुलाला बारा पूर्ण झाली आहेत, तेव्हा त्याचे पूर्ण भरावे लागतील. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. सासू-सासऱ्यांच्या जुन्या दुखण्यांवर तो लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. औषधे मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह आणि हातातल्या पिशवीत ठेवा. विमानतळावर सासऱ्यांसाठी चाकाची खुर्ची हवी असल्याचे विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा; तिचे पैसे पडत नाहीत. संपूर्ण युरोपीय संघात तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक चालतो, तो सासूबाईंच्या फोनमध्येही साठवून द्या. आणि व्हिसा हातात येईपर्यंत ज्यांचे पैसे परत मिळत नाहीत अशी तिकिटे काढू नका. तोवर घरातले सगळे बोलून आराखडा पुन्हा मांडायला तुमच्याकडे पुरेसा वेळ आहे.